धाकट्या जावेचा कान

गिटार घेतली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. भोरच्या शाळेत मी गणित शिकवते. मुलं कॉलेजसाठी पुण्याला गेली, संध्याकाळी घर अंगावर यायला लागलं, म्हणून मोबाईलवरच्या एका वर्गात नाव घातलं. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही बाराजण पडद्यावर जमायचो. सर आधी एक रेकॉर्डिंग पाठवून ठेवायचे, साध्या गिटारवर एकट्यानं वाजवलेलं. ते ऐकून तीन गोष्टी लिहायच्या: लय किती, पट्टी कोणती आणि भाव काय.

लय मला सोपी. ठोके मोजायचे, आकडा टाकायचा. पट्टी अंदाजानं बरोबर यायची, निम्म्या वेळा. भावापुढे मी प्रत्येक वेळी 'शांत' लिहायचे, आणि सर म्हणायचे, "मॅडम, पुन्हा ऐका."

अशी दोन वर्षं गेली. त्या पावसाळ्यात माझी धाकटी जाऊ दाताच्या उपचाराला भोरला यायची. तिचं घर मार्गासनीला, दीर आणि ती शेती बघतात. नसरापूरला एसटी बदलून ती शनिवारी सकाळी यायची, डॉक्टरांकडे जायची, आणि अर्धं तोंड बधिर घेऊन माझ्याकडे संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबायची.

एका शनिवारी मी तेच रेकॉर्डिंग सातव्यांदा लावलं होतं. वहीत लिहिलं होतं, लय बहात्तर, पट्टी जी मेजर, भाव शांत. जाऊ भुईवर बसून घेवडा निवडत होती.

"ताई, ह्यो गडी कुणाकडं चाललाय?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दारापत्तुर जातोय न् मागारी फिरतोय. सारखं तेच. आत जायाची हिंमत न्हाई त्याची."

मी पुन्हा ऐकलं. खरंच, प्रत्येक ओळीच्या टोकाला वाजवणारा किंचित थबकत होता. माझे ठोके तिथंच चुकत होते आणि मी त्याला रेकॉर्डिंगचा दोष समजत होते.

"आणि दर बारीला हितं येऊन बसतोय," असं म्हणून तिनं बधिर ओठांनी एक सूर गुणगुणला. मी गिटारची सर्वांत जाड तार, ई सुराची, छेडली. तोच सूर. पट्टी ई मायनर होती. तिला ना ई माहीत, ना मायनर.

मी वहीतलं खोडलं आणि तिचं सगळं लिहून काढलं. संध्याकाळी, ती गाडीला गेल्यावर, सरांनी माझं उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलं. "दारापर्यंत जातो आणि मागे फिरतो! मॅडम, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"ऐकता ऐकता," मी म्हणाले.

पुढचे तीन शनिवार मी हेच केलं. जाऊ आली की सहज लावल्यासारखं रेकॉर्डिंग लावायचं, ती काय बोलते ते ऐकायचं, नंतर माझ्या भाषेत नीट करून लिहायचं. वर्गात माझं कौतुक वाढत गेलं आणि ती मला नकोशी होत गेली. तिला चहा देताना हात आखडायचा. तिचं भुईवर फतकल मारून बसणंसुद्धा डोळ्यांत खुपायला लागलं. दोन वर्षं मी रोज बोटं दुखेस्तोवर बसले होते, आणि हिला भाजी निवडता निवडता कळत होतं!

तिच्या उपचाराचा शेवटचा शनिवार होता. मी स्वतः वाजवलेलं रेकॉर्डिंग तिला ऐकवलं. माझं आहे हे सांगितलं नाही. महिनाभर बसवलेला तुकडा, एकही चूक नसलेला.

तिनं मान खाली घालून पुरतं ऐकलं. "चुकत कुठंच न्हाई," ती म्हणाली. "पण वाजिवणाऱ्याला वाटतंय, कुणीतरी मागं छडी घिऊन उभं हाय. लई घाबरलंय बिचारं."

मी उठून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. ती चुकली असती तर राग सोसला असता; ती बरोबर होती.

त्याच संध्याकाळी मी सरांना सगळं लिहून कळवलं. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येणार नाही. प्रामाणिकपणापेक्षा दमणूक जास्त होती. सरांचं उत्तर लगेच आलं: "त्यांना वर्गात घेऊन या. फी नको."

हा निरोप मी तिला दिला नाही. पावसाळा सरला, भात कापून झाला, तरी दिला नाही. तिचा फोन आला की दातांची चौकशी करायचे, दिरांची करायचे, आणि ठेवून द्यायचे.

दिवाळीला आम्ही मार्गासनीला गेलो तेव्हा चुलीपुढे दोघीच होतो. तेव्हा सांगितलं. उत्तरं तिची होती हेही, आणि ते घाबरलेलं वाजवणं माझं होतं हेही.

ती कढईतली करंजी उलटायची विसरली. "अगं बया! मला म्हाईत असतं तर म्या तसं बोलले असते व्हय?"

"म्हणूनच सांगितलं नव्हतं. वर्गाला येशील?"

"न्हाई ओ ताई. तुमी इचारलं म्हणून बोलले. मला नुसतं ऐकाया बरं वाटतं."

तिला ते नकोच होतं. मत्सर तिथं विरायला हवा होता. उलट तो वाढला. मला हवं ते तिला फुकट मिळालं होतं, आणि तिला त्याची गरजही नव्हती.

काळी पडलेली करंजी तिनं बाजूला काढली आणि झारा माझ्या हातात दिला. "तुमी तळा, म्या लाटते," म्हणाली. मी तळत बसले.