कढईतलं जेवण

तक्त्यावर मी एक ताट रंगवलं होतं. अर्ध्या ताटात हिरव्यागार भाज्या, उरलेल्यात डाळ आणि भाकरी, कडेला लिंबाची फोड. दर बुधवारी दुपारी वस्तीतल्या समाजमंदिरात बायका जमतात आणि काय खावं, ते मी त्यांना सांगते.

पुढे बसलेल्या सुनंदाबाईंच्या हातात रक्त तपासल्याची चिठ्ठी होती. रक्त फारच कमी. मी विचारलं, "तुमच्या ताटात यातलं काय काय असतं?"

"ताट कुठलं, ताई? सगळ्यांचं झालं की मी भाकरीनं कढईच पुसून घेते. तेवढंच एक भांडं कमी घासायला."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग स्वतःचाच राग आला. कढईच्या कडेला तेल उरतं, तिखट उरतं, करपलेला लसूण उरतो. पालक केव्हाच वाढून झालेला असतो. ताटात काय असावं, हे मला तोंडपाठ आहे. जिथे ताटच घेतलं जात नाही तिथे काय सांगायचं?

"आधी स्वतःचं वाढून बाजूला ठेवा," मी म्हणाले. लहान मुलाच्या हट्टाला हलवावी तशी त्यांनी मान हलवली.

निघताना तक्ता गुंडाळायला त्यांनीच दुसरं टोक धरलं. "चित्र छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे सगळ्यांची जेवणं व्हायच्या आधीचं. नंतरचं काढा की एखादं."

घरी येऊन काढायला बसले. काळी, गोल कढई लगेच जमली. आत भरायला हिरवा रंग उचलला, आणि तसाच हातात धरून बसले.