प्रत्येकीच्या नावाचं लॉगिन

शिकणाऱ्या मुलीला स्वतःचं नाव लागतं की नाही? तुम्हालाच विचारते आहे, कारण मंदाताई गेल्यावर मानवतच्या आमच्या संगणक केंद्राने याचं उत्तर परस्पर 'नाही' असं देऊन टाकलं आहे.

ताई गेल्याचं मला कविताने फोनवर सांगितलं. हृदयविकाराचा झटका... दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत. आम्ही दोघी एकाच वर्गात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिचाच फोन आला. "ताईचा सर्व्हर बंद केलाय. फळ्यावर पासवर्ड लिवलाय, समद्यायला एकच."

मंदाताई तिथे लिनक्स ही संगणकप्रणाली शिकवायच्या. त्यांचे वडील येलदरीच्या वीजघरात नोकरीला होते. यंत्राला हात लावण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, हे त्या बहुधा तिथेच शिकल्या. मी चळवळीची पत्रकं वाटणाऱ्या घरातली, त्यामुळे लॅबमध्ये काही बिघडलं की माझं भाषण सुरू व्हायचं. त्या हसून म्हणायच्या, "पत्रक नंतर काढ बाई. आधी पडद्यावर काय दिसलं ते सांग."

आम्ही तिथे शिकायला गेलो तेव्हा अख्ख्या वर्गाला एकच सामाईक लॉगिन होतं. कविता मेंढपाळाच्या घरातली. वडिलांच्या मेंढरांच्या औषधपाण्याची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्राम तिने खपून लिहिला होता. कुणीतरी जागा मोकळी करायची म्हणून तो पुसून टाकला. कुणी, ते कळायला मार्ग नव्हता, कारण संगणकाच्या लेखी आम्ही सगळ्या एकच होतो. कविता यायची बंद झाली. ताई तिच्या वस्तीवर जाऊन बसल्या, तिला परत घेऊन आल्या, आणि कपाटातल्या एका जुन्या मशीनचा सर्व्हर करून प्रत्येकीला तिच्या नावाचं लॉगिन दिलं. कुठल्याही संगणकावर बसा, नाव आणि पासवर्ड टाका, सर्व्हर तुम्हाला ओळखणार आणि तुमचंच काम तुमच्यापुढे उघडणार. हे साधं वाटेल. ज्यांच्या घरात दाराच्या पाटीवर कधी बाईचं नाव लागलं नाही, त्यांना विचारा.

मग परीक्षेच्या तोंडावर, एका सकाळी, एकही लॉगिन चालेना. ताईंनी पासवर्ड बदलून पाहिले, तारा तपासल्या, सर्व्हर तर व्यवस्थित चालू होता. संस्थेचे सचिव आले आणि म्हणाले, एवढी कटकट कशाला, पोरींना वेगळं लॉगिन काय करायचंय, पूर्वीसारखं एकच ठेवा. दुपारपर्यंत जमलं नाही तर तसंच होणार होतं. ताईंनी मान वर न करता विचारलं, "मग हजेरीत बी एकच नाव लिहू का साहेब? 'पोरी' म्हणून?"

सर्व्हरच्या नोंदी वाचता वाचता त्या एका ओळीवर थांबल्या. तक्रार पासवर्डची नव्हती, घड्याळाची होती. असा सर्व्हर माणूस ओळखताना वेळही ताडून बघतो. मशीनचं घड्याळ त्याच्या घड्याळापासून पाच मिनिटांहून जास्त दूर गेलं की त्याला लबाडीचा संशय येतो आणि तो दार लावून घेतो. पण सगळी मशीनं एकदम पुढे कशी गेली? ताईंनी वर्गाला तेवढंच विचारलं. सकाळी मशीनं सुरू करायचं काम कविताकडे होतं. ती उभी राहिली.

"म्याच केली ताई, दहा मिनिटं फुडं. आमच्या घरी बी घड्याळ फुडंच असतंय. पोरींची यष्टी हुकायलीय रोज."

यष्टी हुकली की घरी बोलणी, आणि बोलणी वाढली की शिकणं बंद, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तरीच सर्व्हर म्हणायलाय, ह्या दहा मिनिटानं येणाऱ्या पोरी आत्ताच कशा आल्या!" वर्ग हसला, कविता रडता रडता हसली. ताईंनी सगळ्या मशीनची वेळ सर्व्हरशी बांधून टाकली, आणि यष्टीसाठी दाराच्या वर भिंतीवर एक घड्याळ लावलं, दहा मिनिटं पुढे. ते अजून तसंच पुढे चालतं. मुली त्याच्याकडे बघूनच दप्तर उचलतात.

पुढे ताईंनी सर्व्हर कसा सांभाळायचा ते कविताला शिकवलं. ती आज तो चालवू शकते, आणि हे सचिवांना माहीत आहे. तरी सर्व्हरच्या कपाटाची किल्ली तिला मिळत नाही. त्यांचं म्हणणं, ताई गेल्या, आता कोण निस्तरणार? ते मशीन आता पुसून ऑफिसच्या टायपिंगला घेणार आहेत. त्यात आम्हा सगळ्यांची नावं आहेत, काम आहे, कविताने पुन्हा लिहिलेला प्रोग्राम आहे. मला झोप लागत नाही ती यामुळे... शोकसभेत ताईंच्या फोटोला हार घालणारे हातच ते पुसणार आहेत.

म्हणून श्रद्धांजली नको. तुमची मुलगी, सून, बहीण तिथे शिकत असेल तर याच आठवड्यात तिच्याबरोबर केंद्रावर जा. कपाटाची किल्ली कविताला द्या, असं सचिवांना तोंडावर सांगा. आणि मुलगी स्वतःच्या नावाने आत जाईपर्यंत तिच्या खुर्चीमागून हलू नका.