मागचा दांडा

आईला गाडी लागायची. गाडी म्हणजे माझी. तिसऱ्या हातून आलेली, वळणावर पार कलंडणारी. एकदा मोहोळच्या अलीकडेच रस्त्याकडेला बसून आईने जाहीर केलं, "तुझ्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही." आणि त्याच वर्षी अकलूजला बहिणीला मुलगी झाली. रविवारी बारसं. एसटीतही आईची हीच गत. पहिली नात तिकडे आणि आजी सोलापुरात, हे काही मला बघवेना.

एका विलायती मासिकात वाचलं होतं: मागच्या आसाला आडवा पोलादी दांडा लावून त्याची टोकं सांगाड्याला जोडली की गाडी वळणावर कलत नाही. आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी ते चित्र एकदाच पाहिलं. दोन दिवसांत तसाच दांडा वाकवून, दोन्ही टोकांना फिरवून लांबी कमीजास्त करता येणाऱ्या जोडकांड्या, म्हणजे लिंका, लावून माझ्या हातात ठेवला.

"बसवून देऊ का?"

"छे, त्यात काय!" मी म्हणालो. माझे बहुतेक घोटाळे याच वाक्याने सुरू होतात.

जॅक एकच होता. शनिवारी सकाळी डावी बाजू उचलली, हातोडीने बोल्ट ठोकले, लिंका जीव खाऊन आवळल्या आणि जॅक काढला. गाडी डावीकडे वर, उजवीकडे खाली, रुसलेल्या व्याह्यासारखी उभी.

"आता उभ्याउभ्याच कलंडते की," आई दारातून म्हणाली.

मिस्त्रींना बोलावलं. सायकल लावून ते खाली वाकले आणि हसायलाच लागले. "एक बाजू उचलून आवळलं व्हय साहेब? तिरकं धरून आवळलं की तिरकंच ऱ्हाणार. चारी चाकं जमिनीवर पायजेत, आन् बसणारी माणसं आत." मग आईकडे वळून म्हणाले, "मावशी, जरा मागं बसा. गाडी हलणार न्हाय, माझी जबान."

आई नाकाशी लिंबू धरून बसली.

"तुमी पुढं बसा साहेब. कायबी करू नका."

गाडीखालून आवाज येत होता, "हातोडी लागली म्हंजी चुकलं. बोल्ट बोटानं आत गेला पायजे." लिंकांना इकडे पाव फेरा, तिकडे अर्धा. शेवटी दोन्ही बोल्ट लोण्यात बोट जावं तसे गेले. असा हात मी पुन्हा पाहिला नाही.

रविवारी मोहोळच्या वळणावर मी रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होतो. आईचं लिंबू नाकावरून हळूहळू मांडीवर आलं.

अकलूजला नातीला मांडीवर घेताना तिने ते लिंबू माझ्या हातात दिलं. "सरबत कर सगळ्यांना. मिस्त्रीला माझा नमस्कार सांग. आणि तू त्या गाडीला हात लावू नकोस."