साडूंचा आरामाचा दिवस

आमच्या साडूंइतकं विश्रांती घेऊन दमणारं माणूस साऱ्या अरबस्तानात शोधून सापडलं नसतं. सुट्टीच्या दिवशी सोफ्यावर बसायचे तेही नुसते टेकल्यासारखे, आत्ता कुणी हाक मारील आणि आपल्याला पळावं लागेल अशा तयारीत. जेवण उभ्याने, दाढी फेऱ्या मारत. चहा निवेपर्यंत धीर नाही म्हणून तो बशीत ओतायचे आणि बशी सांभाळत घरभर हिंडायचे. फरशीवरच्या थेंबांवरून साडू कुठे आहेत ते कळायचं. माझी बायको म्हणायची, "भाऊजींना बसायला काय सांगताय? त्यांच्या पायाला भिंगरी आहे."

त्यात युद्ध आलं. इराकने कुवेत गिळलं तशी सौदीतल्या आमच्या दम्माममधली बायकामुलं भराभर मायदेशी रवाना झाली. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या दोघी नाशिकला माहेरी गेल्या आणि मागे आम्ही दोन साडू एका घरात उरलो. क्षेपणास्त्रं यायला लागल्यावर काचा फुटून अंगावर उडू नयेत म्हणून सगळ्यांनीच खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. साडूंनी खिडक्या संपवल्या, मग आरसा, मग टीव्ही, मग कपाट, आणि हात थांबेना म्हणून लग्नाच्या फोटोच्या काचेवरही फुली मारली. पट्टी नेमकी ताईंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, चेहऱ्यावरून गेली. ते पाहून मात्र ते चरकले. भोंगा वाजत होता, सगळी इमारत खाली धावत होती आणि आमचे साडू नखाने ती पट्टी सोलवटत उभे होते.

कारण ताईंना दिवस गेले होते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, चाळिशीच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी फार जपायला सांगितलं होतं. इकडे कंपनीने सगळ्यांच्या रजा बंद करून टाकलेल्या. घरी फोन नव्हता, त्यामुळे नाशिकचा निरोप यायचा तो ऑफिसच्या फोनवर, आणि तोही बहुधा पहारेकऱ्याकडे. हा पहारेकरी एक म्हातारा अरब होता. आपल्या कामगारांकडून उचललेल्या चार हिंदी शब्दांवर तो सगळ्या हिंदुस्थानशी बोलायचा.

दिवस भरत आले आणि साडूंनी रात्रीसुद्धा बूट काढणं सोडलं. शेवटी एका गुरुवारी सुट्टी बघून मी म्हटलं, "आज हुफूफला जाऊ. जुना बाजार बघू, कॉफी पिऊ, जरा आराम करू."

"उत्तम! आराम झालाच पाहिजे," साडू म्हणाले. "मग चला, यल्ला, उशीर होतोय!"

आरामाला उशीर कसला होतो हे मी विचारलं नाही. बरोबर त्यांनी ट्रान्झिस्टर घेतला आणि विषारी वायू आलाच तर नाकाला लावायला दोन ओले टॉवेल. ते टॉवेल वाटभर माझ्या पँटवर ठिबकत राहिले.

हुफूफला पोचलो. एवढ्या वाळवंटानंतर खजुराची ती गर्द हिरवी राई पाहून माझा जीव निवला. बाजार जुना, छपराखालचा, गार. दुकानदार ऐसपैस मांडी घालून बसलेले, कुणाला कशाची घाई नाही. एक कारागीर अंगरख्याच्या गळ्याला जरीचं भरतकाम करत होता, तो टाका घालायचा आणि टाक्याकडे बघत बसायचा. साडूंना ते सहन होईना. "अहो, ओढा की दोरा!" असं ते त्याला चक्क मराठीत म्हणाले. मग सगळा बाजार भरभर फिरून माझ्याकडे परत आले. "बघितला. पुढे काय?" बाजार कसला बघतात! ते दुकानादुकानांतून फोन बघत होते. ज्या दुकानात फोन, तिथे विनवण्या करून ऑफिसला लावायचा, आणि लाइन लागत नव्हती.

अखेर एका कॉफी-वेलदोड्याच्या दुकानातून लागली. साडूंनी विचारलं, "नाशिक का फोन आया?"

पलीकडून म्हातारा इतक्या जोरात ओरडला की शेजारी उभ्या मलाही स्वच्छ ऐकू आलं.

"आया, आया! मदाम खलास! खलास!"

हा शब्द आम्ही तिथे उठताबसता वापरत होतो. काम उरकलं, खलास. जेवण झालं, खलास. अरबीत त्याचा अर्थ संपलं, आटोपलं, एवढाच. पण त्या क्षणी आम्हा दोघांचेही कान नाशिकचे झाले. आणि नाशिकला माणूस खलास होतं ते एकाच अर्थाने.

साडू खाली बसले. वेलदोड्याच्या पोत्यावर, पाय पसरून, हात मांडीत टाकून, हललेसुद्धा नाहीत. त्यांनी जरा स्वस्थ बसावं म्हणून मी किती वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो. ते तसे बसलेले पाहून मला रडू फुटलं.

दुकानदाराला आमची भाषा कळली नाही, पण चेहरे कळले असावेत. लोंबकळणारा रिसीव्हर उचलून तो पहारेकऱ्याशी अरबीत बोलला, आणि एकदम हसत साडूंचे खांदे गदागदा हलवायला लागला. "बिन्त! बिन्त! मबरूक!" मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. खलास झालं होतं ते बाळंतपण.

त्या पोत्यावर बसूनच साडूंनी दुकानदाराची कॉफी प्यायली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मधूनच हसत होते, आणि उठायचं नाव नाही. दुकान बंद व्हायची वेळ आली तेव्हा मला म्हणावं लागलं, "अहो, चला आता."

पण त्या दिवसापासून 'खलास' त्यांच्या तोंडातून कायमचा गेला. त्याऐवजी ते "झालं" म्हणायला लागले. इजिप्तच्या कारकुनाला "झालं", फिलिपिनो फोरमनला "झालं", साहेबाला फोनवर "झालं, सर". दोन-तीन वर्षांत आमच्या अर्ध्या ऑफिसात तोच शब्द चालू झाला. त्या मराठीला जबाबदार एकटे आमचे साडू.

पुढे नोकरी आटोपून ते कायमचे नाशिकला निघाले. सामान गाडीत चढलं. विमानाला भरपूर वेळ होता, म्हणजे साडूंच्या हिशेबाने उशीर झालेला होता. सगळ्यांचे निरोप घाईघाईने उरकून ते ऑफिसच्या फाटकाशी आले. म्हातारा पहारेकरी आता फार थकला होता. बाकावरूनच त्याने साडूंचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "जालं?"

बॅग खाली ठेवून साडू त्याच्या शेजारी बाकावर बसले. टेकले नाहीत, नीट बसले, पाय पसरून. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. यल्ला म्हणायचं काम माझं होतं, पण मी म्हटलं नाही.