ताटमामांचं अर्धं बोट

ताटमामा कुठल्याही गाडीजवळ गेले की आधी ताट मागायचे. जेवायला नव्हे. सपाट बुडाचं, उभ्या काठाचं स्टीलचं ताट. ते गाडीतल्या जमिनीवर ठेवायचं, त्यात काठाच्या जरा खालपर्यंत पाणी ओतायचं, पाणी हलायचं थांबेपर्यंत ओणवं बसून राहायचं आणि मग सांगायचं, डावी बाजू खाली आहे की उजवी. मुंबई-पुण्याची मंडळी आधी हसायची. मोबाईलमध्ये लेव्हल बघायची सोय असते, ती काढून दाखवायची. मामा तो मोबाईल हातात घ्यायचे, "छान हाय" म्हणायचे आणि पुन्हा ताटच मागायचे.

मामा गेल्या शिमग्याच्या सुमाराला गेले. त्यांचं खरं नाव मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही, ही माझी चूकच. कर्जतहून खालापूरकडे येताना रस्त्याच्या आत एक कॅम्प आहे. आंब्याची झाडं, नळ, वीज आणि झोपायची सोय असलेल्या गाड्या उभ्या करायला जागा. पूर्वी तिथे भाताची खाचरं होती, त्यामुळे जमीन पायरीपायरीची आहे. मामांचं स्वतःचं शेत बांधाच्या पलीकडेच. ऐन उमेदीत ते साजगावच्या एका कारखान्यात होते, मोठमोठी मशिनं पायावर सरळ बसवायच्या कामावर. नोकरी सुटली तसे भाताकडे परतले, आणि शेजारी कॅम्प निघाला तेव्हा गाड्या लावून द्यायचं काम त्यांच्याकडे आपसूक आलं.

आता आमच्याबद्दल सांगते, म्हणजे आम्हाला या माणसाची गरज का पडली ते कळेल. आम्ही शेलूला राहतो. मी शाळेत शिकवायचे, आमचे हे ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाल्यावर यांनी एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेतली आणि वर्षभर खपून तिचं घर केलं. पलंग, ओटा, बेसिन, सगळं स्वतःच्या हातानं. सोसायटीच्या सेक्रेटरीने पार्किंगवरून माझं डोकं खाल्लं ते वेगळंच. गाडी तयार झाली आणि दोन महिन्यांत यांचा कान बिघडला. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतलं पाणी तोल सांभाळतं, तिथेच गडबड आहे. जरा तिरकं झोपलं की घर फिरायला लागायचं, ओकाऱ्या व्हायच्या, दोन-दोन दिवस अंथरुणात. ड्रायव्हिंग तर बंदच झालं. मग अठ्ठावन्नाव्या वर्षी मी लायसन काढलं. यांनी एवढंच म्हटलं, एकदा दोन दिवस बाहेर राहून बघू. गाडीत सरळ झोपता आलं तर ठीक, नाहीतर विकून टाकू. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी मनात म्हटलं, मेली गाडी, पण हिला विकायला लागू नये.

त्या पहिल्या खेपेला मामांनी गाडी लावली. आमच्याकडे पिवळे रॅम्प होते, म्हणजे चाक चढवायच्या तिरक्या पाचरी. खाली गेलेल्या बाजूच्या चाकांपुढे त्या ठेवायच्या आणि गाडी हळू हळू वर घ्यायची. मामा पुढे उभे राहून हातानं खुणा करत होते आणि गाडीलाच सांगत होते, "ये गं, ये. घाबरू नको. अजून. बास." मला वाटलं मलाच सांगताहेत. दोन्ही अर्थांनी बरं वाटलं. मग हँडब्रेक, मग गिअर, आणि त्यानंतर उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड. हँडब्रेकवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गाडी चढत असताना आत कुणी बसलेलं त्यांना चालायचं नाही. आमच्या यांनाही त्यांनी खाली उतरवून झाडाखाली बसवलं होतं.

सगळं झाल्यावर हे आत जाऊन आडवे झाले आणि पाच मिनिटांत उठून बसले. "तिरकी आहे," म्हणाले. मी मोबाईल ठेवून बघितलं, तर तो म्हणतो सरळ. मोबाईलला मागे कॅमेऱ्याचा उंचवटा, तो काय सरळ सांगणार! मी मामांना बोलावलं. मामा आत आले, ताट बघितलं आणि अगदी मोकळेपणानं म्हणाले, हो, दाराकडं अर्धं बोट उतार आहे, तो मीच ठेवलाय. का, तर पाण्याला वाट नको का? बेसिनचं पाणी, आंघोळीचं पाणी, वरून सांडलेलं पाणी जाणार कुठे? खाचरातच वाढलेल्या माणसाला जराही उतार न ठेवता जमीन सोडणं हे काम अर्धवट टाकल्यासारखं वाटत होतं. आजवर लावलेल्या सगळ्या गाड्यांना त्यांनी हे अर्धं बोट ठेवलं होतं आणि एकालाही ते कळलं नव्हतं.

मी त्यांना यांच्या कानाचं सांगितलं. मामा ऐकताना आमच्या यांच्या कानाकडेच बघत होते, जणू आतलं दिसेल.

"साहेबांच्या कानात पन पानी हाय?" त्यांनी विचारलं.

"हो मामा. प्रत्येकाच्याच असतं. यांचं बिघडलंय."

"मंग माज्या ताटापरीस साहेबांचं ताट बारीक हाय," ते म्हणाले आणि दगड काढायला गेले.

त्यांनी ते अर्धं बोट काढलं. त्यांना ते जड गेलं असावं, कारण नंतर बेसिनखाली बादली कुठे ठेवायची, पाणी कसं फेकायचं, हे मला तीन वेळा सांगून गेले. हे मात्र त्या दुपारी दोन तास गाढ झोपले. उठले, चहा मागितला आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात परत यायचं का? मी तोंड फिरवून गॅस पेटवला, कारण मला रडू येत होतं आणि यांना रडणं आवडत नाही.

मग दोन हिवाळे आम्ही तिथेच जात राहिलो. दुसरीकडे जायची माझी हिंमत नव्हती. रॅम्प कुठे ठेवायचे, किती चढायचं, सगळं मामांच्या खुणेवर. मी नुसती स्टिअरिंग धरणारी. मामा अधूनमधून म्हणायचे, ताई, एकदा तुमी ताट बघा की. मी म्हणायचे, तुम्ही आहात ना! ते आमच्यासाठी कधी नव्या तांदळाची भाकरी आणायचे, कधी वालाच्या शेंगा. आमच्या यांच्याशी त्यांचं फार जमलं. दोघे बांधावर बसून साजगावच्या मशिनींबद्दल बोलायचे. कारखान्यात मामांना लेव्हलची महागडी बाटली दिली होती, पण तिच्यातला बुडबुडा त्यांना कधी पटला नाही. मशीन बसवलं की साहेबाला बाटली दाखवायची आणि साहेब गेला की ताट ठेवायचं, असं त्यांनी कित्येक वर्षं केलं म्हणे. चिखलणी झालेल्या खाचरात पाणी कसं पसरतं, ते बघूनच आपण शिकलो, असं ते सांगायचे. गाडी नीट लागली की त्यांचा एकच शब्द असायचा, "बसली." तो ऐकल्याशिवाय आमचे हे पायरी चढायचे नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात मामा ताटातल्या पाण्यात चिमूटभर हळद टाकायला लागले. मला वाटलं, काहीतरी शुभ असेल. मी बावळट, त्या पिवळ्या पाण्याला एकदा नमस्कारसुद्धा केला. आणखी महिन्याभराने हळद वाढली, आणि मामा ओणवे होऊन पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसू लागले. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शाळेत तीस वर्षं शेवटच्या बाकावरच्या मुलांना फळा दिसतो की नाही हे ओळखत होते म्हणे मी!

त्या वर्षीच्या माघातली गोष्ट. आम्ही सकाळी पोचलो. त्या दिवशी कॅम्पवर गर्दी होती, आणि ताटाची गंमत बघायला पाच-सहा जण जमले होते. कॅम्पचे मालकही त्यांना कौतुकानं सांगत उभे होते की आमचे मामा पाण्यावर गाडी लावतात. मामांनी गाडी चढवून घेतली, दगड लावले, आत येऊन ताट बघितलं. मी शेजारीच होते. पिवळं पाणी उजव्या काठाला जवळजवळ टेकलं होतं आणि डावीकडे चांगला अर्ध्या बोटाचा काठ मोकळा दिसत होता. कुणालाही दिसावं असं. मामांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. नेहमी तेच सांगायचे, त्या दिवशी त्यांनी विचारलं.

"ताई, बसली ना?"

बाहेर सगळे वाट बघत होते. मी म्हटलं, "बसली, मामा."

का म्हटलं? एवढ्या लोकांसमोर त्या माणसाला खाली बघायला लागू नये म्हणून. आणि मनात असंही आलं, की अर्धंच बोट आहे, आज कदाचित यांना कळणार नाही. दोन वर्षं ज्या अर्ध्या बोटापायी जीव टांगणीला लागला होता, तेच मी असं सोडून दिलं. लोक पांगले, मामा शेतावर गेले आणि हे जेवून आडवे झाले.

यांना लगेच कळलं. पण ते म्हणाले, "राहू दे. मामांना सांगू नकोस." एका बाजूला उशा रचून बघितल्या, पलंगावर उलटे झोपून बघितलं. तासाभरात पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते, डोळे मिटून, घामानं भिजलेले. बादली पुढ्यात. मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू. रॅम्पवरून गाडी उतरवून नीट लावावी, तर मी ते एकटीनं कधी केलंच नव्हतं.

तेवढ्यात मामा शेंगा घेऊन आले. दारातूनच त्यांनी ओकारीचा आवाज ऐकला. पिशवी खाली ठेवली, आत आले, ताट अजून तिथेच होतं. या वेळी त्यांनी बघितलं नाही. उजव्या काठाशी बोट बुडवलं, मग डाव्या काठाशी बुडवलं आणि अंगठ्यानं बोटावरची ओल मोजली. तेव्हा मला हळदीचा अर्थ लागला.

"तुमाला दिसलं व्हतं ना?" ते म्हणाले.

"हो."

"माजी लाज राकली तुमी. आनि साहेबांना पाडलं."

ते रागानं बोलले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ते अगदी हळू बोलले. मग त्यांनी आमच्या यांना धरून खाली उतरवलं, झाडाखालच्या खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाले, "चावी घ्या. आज मी हात करनार नाय. माजे डोळे गेले ताई, तुमचे हायत."

आणि खरंच ते यांच्या शेजारी, गाडीकडे पाठ करून बसले. यांचं डोकं त्यांनी आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं होतं. मी दगड काढले. गाडी खाली घेतली. रॅम्प सरकवले, चढवली, उतरून आत गेले, ताट बघितलं. जास्त झालं. पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा ताट. किती वेळा चढले-उतरले ते आठवत नाही, पण गुडघे बोलायला लागले होते. एकदा गाडी रॅम्पवरून पुढे जाईल की काय अशी भीती वाटली आणि मी मामांना हाक मारली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "ब्रेकवर पाय हाय ना? मंग घाबरायचं नाय," एवढंच म्हणाले. शेवटी हँडब्रेक लावला, गिअर टाकला, चारही दगड ठोकून बसवले आणि ओरडून सांगितलं, झालं.

"बसली?" मामांनी तसंच बसून विचारलं.

मी पुन्हा आत गेले. पाणी जवळजवळ सरळ होतं. जवळजवळ. हे खुर्चीत पांढरेफटक पडले होते, ऊन कलायला लागलं होतं आणि होय म्हणणं फार सोपं होतं.

"नाही मामा," मी म्हटलं. "अजून थोडीशी डावीकडे कललेली आहे."

"मंग थांबू आमी," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदा जरा बरं वाटल्यासारखं काहीतरी होतं.

पुढच्या खेपेला पाणी चारी बाजूंनी सारखं आलं. मी तीनदा बघितलं, बोट बुडवूनही बघितलं. मग मीच म्हटलं, बसली. यांना आत नेऊन निजवलं. मामा आत आले नाहीत, ताट बघायलाही नाहीत. गाडीच्या पत्र्याला हात लावून बाहेरच उभे राहिले. मी चहा करू का विचारलं, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मग आतून यांचं घोरणं सुरू झालं, नेहमीसारखं, लाज आणणारं. मामा हसले. चपला हातात घेतल्या आणि बांधावरून आपल्या शेताकडे निघाले.

चालताना ते प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी पायानं बांध चाचपत होते. इतके दिवस मी त्यांना जाताना कधी नीट बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना सांगून काम सोडलं, आणि आम्ही पुन्हा तिथे गेलो तोवर ते नव्हते. पण हे त्या दुपारी मला कुठे माहीत होतं? मला फक्त त्यांच्यामागे धावावंसं वाटलं, मामा थांबा म्हणावंसं वाटलं. हाक मारली असती तर ते थांबले असते. पण यांची झोप मोडली असती, म्हणून मी मारली नाही.