टिंगलीतले खांब

पोलीस ॲक्शननंतर छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांमधलं सामान जुन्या बाजारात येऊ लागलं होतं. तिथल्या एका दुकानात तो मला एकदाच भेटला. सिल्लोडकडचा कास्तकार, शहरात घर बांधत होता. हातात एक विलायती छापील चित्र. चित्रातल्या साहेबाला पायांच्या जागी ग्रीक खांब होते आणि डोक्यावर टोपीऐवजी अख्खं देऊळ. उपरण्याच्या टोकानं काच पुसून तो ते खांब बोटांनी मापत होता.

"गवंड्याला दाखवतो," तो मला म्हणाला. "दारात असेच पाहिजेत."

मला राहवलं नाही. तिकडं विलायतेत एकेकाळी ग्रीक थाटाच्या इमारतींचं वेड पसरलं होतं आणि ही त्या वेडाची टिंगल आहे, असं मी त्याला समजावलं.

त्यानं ऐकून घेतलं. चित्र पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

"टिंगल हाय, ते दिसायलंय की. पण करणाऱ्यानं खांब लई मन लावून काढलेत."

आणि चित्र काखोटीला मारून तो गेला.

पुढं ते घर उभं राहिलं. बुटक्या ओट्यावर दोन जाडजूड खांब, वर कोबीच्या गड्ड्यासारखी नक्षी. घरी पाहुणे आले की मी त्यांना हसायला तिकडं घेऊन जातो. ते घर माझ्या वाटेवर नाही. वाट वाकडी करावी लागते.