मामांचा न उघडणारा ड्रॉवर

माझ्या सासऱ्यांनी एकदा घरातलं सगळ्यात देखणं लाकूड पटाशी घालून फोडलं. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटसाठी.

आज पहाटे ते गेले.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. चिंचवडजवळच्या चिखली गावातलं घर, मामा कंपनीत टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारे, आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम. कोणी शिकवलेलं नव्हतं. नुसती हौस.

कंपनीत मशिनं यायची ती मोठाल्या लाकडी खोक्यांतून. रिकामं खोकं गेटपास घेऊन मामा सायकलवर बांधून आणायचे. खिळे उपसून, ठोकून सरळ करायचे आणि तेच परत वापरायचे.

घरातली मांडणी, पाट, कोंबड्यांचं खुराडं, सगळं खोक्यांचं. देव्हाऱ्याच्या पाठीवर तर इंग्रजीत 'सांभाळून उचला' असं छापलेलं होतं. देवांना काही अडचण नव्हती.

मी एकोणऐंशी साली लग्न होऊन आले. सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची नाही, अशी तेव्हाची रीत. मी तीन हातांवर उभी असले तरी मामा माझ्याशी आत्याबाईंमार्फत बोलायचे. आत्याबाई म्हणजे सासूबाई.

मला डी.एड. करून शाळेत शिकवायचं होतं. मी नवऱ्याला सांगितलं, त्याने आत्याबाईंना, त्यांनी मामांना. तिकडून उत्तर काही आलं नाही.

मग एका रविवारी शेडमधून आवाज आला, "तिला म्हनावं, खुर्चीत बस अन् कोपर दुमडून धर."

आत्याबाईंनी जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली आणि नेऊन दिली.

ते माझ्या टेबलाचं माप होतं. आणि तेच उत्तर होतं. चुलीपाशी जाऊन मी रडले, धुराचं निमित्त होतंच.

टेबल सगळं खोक्याच्या फळ्यांचं. फक्त ड्रॉवरचा दर्शनी भाग सागवानी. मामांच्या वडिलांची बैलगाडी मोडीत निघाली तेव्हा तिची एकच फळी त्यांनी ठेवून घेतली होती. कितीतरी वर्षं तिला हात लावला नव्हता. ती माझ्या ड्रॉवरला लावली आणि इतकं पॉलिश केलं, की त्यात बघून टिकली लावता यायची.

आता मामांची चूक सांगते. ती फक्त टर्नरच करू शकतो.

मामांनी भर मे महिन्यात ड्रॉवरचं माप घेतलं, तेही केसाएवढा फरक दाखवणाऱ्या व्हर्निअरने. लोखंडाला लावायचं माप लाकडाला. शिवाय उंदीर शिरू नयेत म्हणून खालून-मागूनही फळ्या मारून सगळं बंद केलं.

"तिला म्हनावं, हवा बी जायाची न्हाई मधून."

मी माझे सगळे कागद त्यात ठेवले.

जुलैत कॉलेजचं पत्र आलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी बाराच्या आत ओरिजिनल सर्टिफिकेट घेऊन पुण्यात हजर राहा, नाहीतर जागा दुसऱ्याला. सकाळी निघताना ड्रॉवर ओढला. पावसाने लाकूड फुगलं होतं. मूठ माझ्या हातात आली, ड्रॉवर तसाच.

नवरा फर्स्ट शिफ्टला गेलेला. आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता. फुडल्या वर्साला बगू."

पुढच्या वर्षी मांडीवर मूल असणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मामा नुकतेच रात्रीची थर्ड शिफ्ट करून आले होते. चहाचा कप खाली ठेवला. फटीला मेणबत्ती घासून पाहिली, ठोकून पाहिलं. मग घड्याळाकडे बघितलं आणि शेडमधून पटाशी घेऊन आले.

"पोरी, बाजूला व्हय."

ते माझ्याशी बोललेले पहिले शब्द.

तीन घावांत बैलगाडीची फळी उभी चिरली. मामांनी हात आत घालून कागद काढले, कंपनीतून आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून भर पावसात चिंचवड स्टेशनपर्यंत नेलं. सासऱ्याच्या मागे सून बसलेली अख्ख्या गावाने पाहिली. मामांनी घंटीसुद्धा वाजवली नाही, लोक आपोआप बाजूला होत होते.

मी पावणेबाराला कॉलेजात पोहोचले. ॲडमिशन झालं.

पुढच्या रविवारी मामांनी फळी सरसाने जोडली, ड्रॉवर चारी बाजूंनी रंधून काढला आणि म्हणाले, "तिला म्हनावं, ड्रॉवर झाला."

आत्याबाई वैतागल्या. "म्होरं उभी हाय ती. तुमीच सांगा की."

मामा जरा खाकरले. मग मलाच म्हणाले, "लाकूड हाय, लोखंड न्हाई. पावसाळ्यात फुगतंय. काडीपेटीची काडी जाईल एवढी फट ठिवायची. माझं चुकलं."

सासऱ्याने सुनेला 'माझं चुकलं' म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

तिथून पुढे आम्ही चाळीसहून जास्त वर्षं बोललो. रंधा कसा धरायचा, फळी चिरू नये म्हणून ठोकण्याआधी खिळ्याचं टोक कसं बोथट करायचं, सगळं त्यांनी मला शिकवलं. आज माझ्या खोलीतलं बुकशेल्फ मी स्वतः केलेलं आहे. जरा कललंय. मामा खोलीत आले की त्याच्याकडे बघून मान तिरकी करायचे.

महापालिकेच्या शाळेत मी नोकरी केली, रिटायर झाले. वह्या तपासल्या त्या सगळ्या त्याच टेबलावर. सुतळीचं माप बरोबर होतं, माझी पाठ कधी दुखली नाही.

आज पहाटे डॉक्टर आले, त्यांनी मृत्यूच्या दाखल्यासाठी मामांचं आधार कार्ड मागितलं. ते त्याच ड्रॉवरमध्ये होतं.

बाहेर जुलैचा पाऊस धो धो. फळीच्या जोडाची रेघ अजून दिसते. मी एक बोट लावलं आणि ड्रॉवर सरळ बाहेर आला.

मामा, तुमच्यामुळे मी शाळेत गेले. डोक्यावर पदर न घेता, समोर उभी राहून, तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार.